सायकलिंगची शॉर्ट सहा महिन्यांतच विरली, चूक कापडाची का आपली?

टिळकवाडी_७००सी
मंडळी, नवीन शॉर्ट घ्यायच्या आधी जरा विचारून घ्यावं म्हटलं. पॅडवाल्या दोन शॉर्ट आहेत, प्रत्येकी १४०० रुपयांच्या, सहा महिन्यांपूर्वी घेतलेल्या. आठवड्यातले चार दिवस ३५-४० किलोमीटर, रविवारी बेळगावहून जांबोटीच्या बाजूला शंभरभर. दोन्हींची गत एकच झालीय:

१) बसायच्या जागी कापड विरलंय. उजेडाकडं धरलं तर पलीकडची बोटं दिसतात. मागून येणाऱ्याला काय काय दिसत असेल, देव जाणे.
२) डाव्या मांडीच्या आतल्या अंगाला बारीक गोळे आलेत. उजवीकडं एकही नाही.
३) मधली खालची शिवण दोन इंच उसवलीय.
४) मांडीवरची ग्रिपरची पट्टी सैल पडून वर सरकायलीय.

धुणं वॉशिंग मशीनमध्ये, बाकीच्या कपड्यांबरोबर. पावडर, शेवटी सॉफ्टनर, मग गच्चीवर कडक उन्हात. सायकल हायब्रिड, सीटवर जेलचं कव्हर. दुकानदार म्हणतो, "तुम्ही वापरताच जास्त." उसवलेलं शिवून मिळत असेल तर तेही सांगा की.

घाटवाट
कापड हलकं म्हणून सोडून देऊ नका, कारण या चार तक्रारी चार वेगळ्या ठिकाणाहून आल्यात. कुठं झिजलंय ते आधी बघायचं.

गोळे नुसते डावीकडंच आहेत ना? मग तो कापडाचा दोष नाही. कापड वाईट असतं तर दोन्ही मांड्यांना सारखे गोळे आले असते. डावीकडं काहीतरी घासतंय. बायकांचे जुने नायलॉनचे पातळ मोजे असतात, त्यातला एक हाताला घाला आणि सीटवरून, सीटच्या खालच्या कडेवरून, सीटपोस्टवरून (सीटखालच्या दांड्यावरून) हळू फिरवा. जिथं मोजा अडकेल, तिथंच शॉर्ट खाल्ली जातेय. सीटच्या रेक्झिनची उचकटलेली कड, कव्हरच्या नाडीची गाठ आणि सीटखालच्या बॅगेच्या व्हेल्क्रोचा बाहेर आलेला काटेरी भाग, या तीन जागा नक्की तपासा. व्हेल्क्रो तर लायक्राचा हाडवैरी.

दुसरं म्हणजे, जेलचं कव्हर आजच काढा. ते सीटवर घट्ट बसत नाही, प्रत्येक पॅडलला थोडं सरकतं. वरचं कापड जाळीदार आणि खरखरीत असतं. शिवाय सीटचं पुढचं निमुळतं टोक त्यानं जाड होतं आणि मांडीला लागतं. शॉर्टमध्ये पॅड आहे, सीटवर परत जेल कशाला?

तिसरं, आपल्याकडची लाल माती. पावसात खानापूर, जांबोटीकडं गेलं की मागच्या चाकानं उडवलेली बारीक वाळू सीटवर आणि बुडाला चिकटते. तसंच पुढचे ५० किलोमीटर पॅडल मारलं तर पॉलिश पेपरवर बसल्यासारखंच. सीटखाली लावायचं क्लिपचं मडगार्ड स्वस्तात मिळतं, ते बसवा. थांबाल तिथं ओल्या फडक्यानं सीट पुसा.

वडगाव_माग
घासण्याचं वर आलंय, मी कापडाचं सांगतो.

आमच्या वडगाव-खासबागेतल्या मागावर साडी विणली जाते, त्यात उभे-आडवे धागे असतात. शॉर्टचं कापड तसं नाही. ते फासात फास गुंफलेलं असतं, बनियनसारखं. मूळ धागा नायलॉन किंवा पॉलिएस्टर, त्याच्याबरोबर १५ ते २५ टक्के इलास्टेन. लायक्रा हे त्या इलास्टेनचं एका कंपनीचं नाव. धागा १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तयार केला. ताण सुटल्यावर कापड परत जागेवर आणायचं काम हा इलास्टेनच करतो. नायलॉन चिवट असतो, सहजासहजी मरत नाही. आधी मरतो तो इलास्टेन. तो मेला की फास उघडे राहतात आणि उजेड आरपार दिसायला लागतो. तुम्ही त्यालाच विरणं म्हणताय. धागे तुटलेले नसतात, सैल पडून पसरलेले असतात.

घरच्या घरी बघायचं तर शॉर्टच्या मागच्या भागावर पेनानं १० सेंटीमीटरवर दोन खुणा करा. १५ सेंटीमीटरपर्यंत ताणा, सोडा, मिनिटभर थांबा, परत मोजा. १० ला आलं तर इलास्टेन जिवंत. साडेदहाच्या पुढं राहिलं तर गेलं. मग ती शॉर्ट कुणीही दुरुस्त करू शकत नाही.

इलास्टेन मरतो तो क्लोरीनच्या ब्लीचनं, उष्णतेनं, कडक उन्हानं, अंगाच्या तेलानं आणि वाळलेल्या घामानं. सॉफ्टनरचं दुखणं निराळं. तो धाग्यावर मेणासारखा थर चढवतो, मग पॅड घाम शोषत नाही आणि वास त्या थराखाली अडकून बसतो. तुमच्या यादीत सॉफ्टनर आणि गच्चीवरचं ऊन दोन्ही आहे. आणि बाकीच्या कपड्यांबरोबर म्हणजे जीन्सची चेन आणि ब्राचे हूक आलेच.

धुवायची पद्धत: घरी आल्या आल्या, अंघोळीआधीच, साध्या पाण्यात खळबळा. अर्धी बादली गार पाणी, एक चहाचा चमचा लिक्विड डिटर्जंट, शॉर्ट उलटी करून १५ मिनिटं भिजत ठेवा, त्याहून जास्त नको. मग हातानं दाबून धुवा. ब्रश नको, दगडावर आपटणं तर मुळीच नको, पॅडमधला फोम आतून फाटतो. तीन पाण्यांतून काढा. पाणी मऊ असेल तर पाचव्यांदाही फेस येत राहतो, अशा वेळी साबण अर्धाच घ्या. पावडर गार पाण्यात नीट विरघळत नाही, तिचे कण पॅडमध्ये बसतात आणि पुढच्या राइडला खाज सुटते.

चिकोडी_ब्रेव्हे
बाकी सगळं पटलं, पण वासाचं काय? पावसाळ्यात गार पाण्यानं वास जात नाही. गरम पाण्यात तासभर भिजवली की जातो.

वडगाव_माग
वास जातो, त्याबरोबर शॉर्टही जाते. कोमट म्हणजे हाताला सहज सोसेल असं, ३०-४० अंश, तिथवर चालतं. वाफाळत्या पाण्यानं पॅडचे थर एकमेकांपासून सुटायला लागतात, कारण फोम आणि वरचं कापड उष्णतेनंच चिकटवलेलं असतं. पॅडवर फुगे दिसले की समजा थर सुटला. तिथं घडी पडते आणि ती घडीच मांडी सोलते.

वास येतो त्याचं कारण बहुतेक वेळा धुणं नसतं, वाळणं असतं. घामेजलेली शॉर्ट बॅगेत गुंडाळून संध्याकाळपर्यंत ठेवली की जंतूंची मजाच. आल्या आल्या खळबळली आणि सहा-सात तासांत वाळली तर वास धरतच नाही.

टिळकवाडी_७००सी
मोज्याची युक्ती करून बघितली. जेलच्या कव्हरच्या नाडीला अडकला, आणि सीटच्या टोकालाही, डाव्या बाजूला. नीट बघितलं तर सीटचं टोकच डावीकडं वळलंय, वरच्या पाइपच्या रेषेपासून ४-५ मिलिमीटर. खुणांची परीक्षा केली, ११ ला थांबतंय. म्हणजे दोन्ही गेल्या म्हणायचं. सीटची उंची, पॅडलच्या दांड्या जिथं फिरतात त्या क्रँकच्या मध्यापासून कव्हरच्या माथ्यापर्यंत ७३ सेंटीमीटर. माझ्या पायाचं आतलं माप ८०.

घाटवाट
बघा, सगळं मिळालं. टोक डावीकडं वळलेलं म्हणून डावी मांडी घासतेय.

उंचीपण जास्त आहे. पायाच्या आतल्या मापाला ०.८८३ नं गुणायचं, ही जुनी रीत आहे. ८० ला ७०.६ येतात. तो शेवटचा शब्द नाही, पण ७३ म्हणजे तुम्हाला पॅडलच्या तळाला पाय पोचवायला कंबर डावी-उजवीकडं हलवावी लागणार. कंबर हलली की बूड सीटवर किसलं जातं. बसायची जागा लवकर विरली त्यात याचाही वाटा आहे.

आता एक घोळ टाळा. कव्हर काढलं की माथा खाली येणार, जेल असतंच दीड-दोन सेंटीमीटर. म्हणजे तुमची उंची आपोआप ७१-७१.५ वर येईल. त्यात परत सीटपोस्ट खाली ढकलू नका, एकदम खाली गेलं की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. आधी कव्हर काढा, मग मोजा. सायकल भिंतीला टेकवून बसा, टाच पॅडलवर ठेवून उलटं फिरवा. तळाला पाय सरळ व्हावा पण कंबर हलू नये. तिथून पुढं फरक करायचा तो ३-३ मिलिमीटरनं, आणि मध्ये दोन राइड जाऊ द्यायच्या.

सीटचं टोक सरळ करायला सीटपोस्टचा क्लॅम्प ढिला करा, वरच्या पाइपवरून दोरी ताणून टोक तिच्यावर आणा. सीटवर फळी ठेवून स्पिरिट लेव्हल लावा. सपाट, फार तर टोक एखादा अंश खाली. टोक वर असेल तर मधल्या शिवणीवर सगळा भार येतो. तुमची तिथलीच उसवलीय.

पिको_फॉल_शहापूर
उसवलेल्या शिवणीबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून लिहिते.

आधी कापड तपासा. शिवणीच्या बाजूचं कापड घट्ट असेल तरच शिवा. विरलेल्या कापडाला टाका घातला तर दोरा टिकतो आणि शेजारचं कापड फाटतं. तुमची शॉर्ट ११ ला थांबत असेल तर शिवणकाम वाया जाईल. पण पुढच्या वेळेसाठी माहीत असू दे.

साध्या मशीनची सरळ टीप इथं कधीच मारायची नाही. कापड ताणतं, दोरा ताणत नाही, मग पहिल्या चढालाच तट्‌दिशी तुटतो. कारखान्यात हे फ्लॅटलॉकवर शिवतात, म्हणजे सपाट आणि ताणणारी शिवण घालणाऱ्या मशीनवर. आपल्याकडं खेळाचे टीशर्ट, ट्रॅकपँट शिवणाऱ्यांकडं फ्लॅटलॉक सापडेल. नाहीच मिळालं तर साडीचा पिको करणाऱ्यांकडं जा, पिकोचं मशीन झिगझॅगच मारतं. फक्त सांगावं लागतं: साडीसारखे दाट टाके नकोत, रुंदी अडीच मिलिमीटर, लांबी दीड. सुई होजिअरीची, गोल टोकाची, ११ नंबर. टोकदार सुई फास तोडते आणि धुतल्यावर तिथून रेघ सुटत जाते. दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा घामानं कुजतो. उसवलं आहे त्याच्या दोन्ही टोकांना सेंटीमीटरभर पुढं-मागं टीप न्या. शिवताना कापड हातानं ओढायचं नाही, ओढलं की शिवण लाटेसारखी उठते.

हातानं शिवायचं असेल तर उलटी टीप, टाका दोन मिलिमीटरचा, आणि दर चार टाक्यांनंतर कापड थोडं ताणून दोरा ढिला सोडायचा. गाठ बाहेरच्या बाजूला. आत राहिली तर ५० किलोमीटरनंतर तीच गाठ सुपारीएवढी लागते.

बसायच्या हाडाखाली भोक पडलं असेल तर ठिगळ लावू नका. ठिगळाची कड अंगाला काचते. मांडीवर बाहेरच्या बाजूला, पडल्यामुळं फाटलं असेल तर चालेल. त्याला जुन्या शॉर्टच्या पायाकडचा तुकडा घ्या, तो भाग सहसा कोरा असतो. म्हणून या दोन्ही शॉर्ट फेकू नका.

चिकोडी_ब्रेव्हे
ग्रिपरचं मी सांगतो. त्या पट्टीवर सिलिकॉनचे ठिपके किंवा रेघा असतात. खोबरेल तेल, सनस्क्रीन, व्हॅसलीन लावलेल्या मांडीवर ते पकडतच नाहीत. बोटावर लिक्विड डिटर्जंटचा थेंब घेऊन पट्टी आतून चोळा, खळबळा. पकड आली तर ठीक. पट्टीचं इलॅस्टिकच सैल असेल तर वरच्या ताईंना सांगून पट्टी बदलून घ्या, झिगझॅगनंच.

काचू नये म्हणून व्हॅसलीन लावत असाल तर ते सोडा. पॅडमध्ये मुरतं, गार पाण्यानं निघत नाही. पाण्यात धुऊन जाईल असं क्रीम घ्या आणि पॅडला न फासता अंगाला लावा. आत अंडरवेअर घालत असाल तर तेही बंद करा, निम्मं काचणं तिथूनच असतं.

नवीन घेताना लेबल वाचा. नायलॉन (काही ठिकाणी पॉलिअमाइड लिहितात) अधिक इलास्टेन असेल तर घासायला जास्त टिकाऊ, पॉलिएस्टर लवकर वाळतं पण त्यावर गोळे लवकर येतात. दुकानात मूठ आत घालून ताणा. नवं असतानाच बोटांचे पेर दिसले तर ठेवून द्या. पॅड अंगठा आणि बोटात दाबून सोडा, लगेच उसळी मारली पाहिजे. स्पंजासारखा मऊ पॅड दुकानात छान वाटतो, दोन तासांनी तळाला बसतो. साइज लहान घेतली तर कापड कायम ताणलेलं राहतं आणि लवकर विरतं, मोठी घेतली तर घडी पडून काचतं. उभं राहून सैल नाही आणि वाकून हँडल धरलं की बरोबर, ती आपली साइज. दीडशे-दोनशे किलोमीटर करणाऱ्यांनी खांद्याच्या पट्ट्यांची बिब घ्यावी. पॅड जागचं हलत नाही, म्हणून घासणंही कमी.

टिळकवाडी_७००सी
कव्हर काढलं, टोक सरळ केलं, उंची आता ७१.२. व्हॅसलीनचं ओळखलंत, लावतो. दोनच प्रश्न. पावसाळ्यात ट्रेनरवर (घरातच सायकल बसवून चालवायचा स्टँड) तास-दीड तास करतो, त्याला या विरलेल्या चालतील का? आणि जुलैत आमच्याकडं दोन-दोन दिवस काही वाळत नाही, तेव्हा काय करायचं?

वडगाव_माग
ट्रेनरवर कुणी बघत नाही म्हणून जुनी शॉर्ट घालावीशी वाटते, पण तिथं घाम दुप्पट आणि माणूस जागचा उठत नाही. पॅड चांगलाच लागतो. तुमच्या शॉर्टचा पॅड अजून उसळी मारत असेल तर खुशाल वापरा, पडदा ओढून. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून पॅडल मारा.

वाळवायचं असं: पिळायचं नाही. कोरडा पंचा पसरा, त्यावर शॉर्ट ठेवा, वळकटी करा, वळकटीवर उभे राहा. निम्मं पाणी तिथंच जातं. सेमी-ऑटोमॅटिकचा स्पिनर असेल तर जाळीच्या पिशवीत घालून अर्धा मिनिट. मग उलटी करून, पॅड बाहेर ठेवून, पंख्याखाली टांगा. पॅडच्या मधोमध चिमटा लावू नका, कमरेच्या पट्टीला लावा. बंबावर, इस्त्रीनं, फ्रिजच्या मागं वाळवायचं नाही. आणि दिवसाआड चालवत असाल तर दोनाऐवजी तीन शॉर्ट ठेवा, पॅड आतून दमट असताना घालायची वेळ येऊ देऊ नका. वरून कोरडं लागतं, बोटानं जोरात दाबून गालाला लावून बघा, गार लागलं तर अजून ओलंय.