हलाखा आणि हलाखी

प्रश्न: टेस्ट ट्यूब बेबी, स्टेम सेल वगैरेंबद्दल ज्यू धर्मात काय सांगितलंय, यावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. 'हलाखा' हा शब्द पदोपदी येतो. 'ज्यू कायदा' लिहिलं की कोर्टकचेरी वाटते. तसाच ठेवला तर आई विचारते, "ज्यूंची कसली गं हलाखी?" या दोन शब्दांचा काही संबंध आहे का?

— आईंना हसू नका, संबंध आहे! हिब्रूत ह-ल-ख म्हणजे जाणे, चालणे. हलाखा म्हणजे चालायची वाट. त्याच धातूचा अरबी भाऊ 'हलक', म्हणजे नाश पावणे, मरणे. तिथून फारसीमार्गे आपली हलाखी. जाणं आणि मरणं एक कसं? आपणही 'आजोबा गेले' म्हणतोच की.

— मग सरळ 'चाल' घ्या. चालणेवरून चाल, चालीरीत. कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंना 'शनिवार तेली' नाव पडलं तेही शनिवारी घाणा बंद ठेवायच्या चालीमुळेच.

— चाल इथे चालणार नाही (कोटीबद्दल माफी). चाल मोडली तर लोक फार तर नावं ठेवतात. हलाखात बंधन आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा खल आहे, रब्बीला, म्हणजे ज्यू धर्मपंडिताला, विचारलेला प्रश्न आणि त्याचं लेखी उत्तर आहे. मी 'हलाखा'च ठेवीन, पहिल्यांदा येईल तिथे 'ज्यू धर्मशास्त्र' अशी जोड देऊन.

पण तुमची खरी पंचाईत 'गर्भ' या शब्दाशी होणार. तालमुद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात, येवामोत नावाच्या भागात (पान 69ब), चाळीस दिवसांपर्यंत ते 'निव्वळ पाणी' असं म्हटलंय. प्रश्न होता भलताच. पुरोहिताची मुलगी नवरा वारल्यावर माहेरी आली, तर पुरोहितांसाठी राखलेलं अन्न तिने खावं का? पोटात पुरोहित नसलेल्या नवऱ्याचं मूल असेल तर नाही. पण चाळीस दिवसांपर्यंत खायला हरकत नाही, कारण तोवर ते पाणीच. जेवणाच्या पानावरचं हे वाक्य आता प्रयोगशाळेतल्या बशीपाशी येऊन पोचलंय! शिवाय पुष्कळ रब्बी म्हणतात, बशीतल्याला गर्भाचा दर्जाच नाही, कारण ते गर्भाशयात नाही. म्हणून आयव्हीएफनंतर, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारानंतर, उरलेलं संशोधनाला द्यायला त्यांची ना नसते. सगळ्यांचंच असं मत नाही, हेही लिहा.

मराठीत पोटातलं आणि बशीतलं हा भेद आयता मिळतो. गर्भ म्हणजे आतलं, पोटातलं, गाभाराही गर्भगृहच. 'बशीतला गर्भ' कानालाच खटकतं. तिथे 'भ्रूण' वापरा.

— (मूळ प्रश्नकर्ती) भेद पटला. पण 'भ्रूण' म्हटलं की आपल्याकडे पुढे 'हत्या' आपोआप जोडलं जातं. स्त्रीभ्रूणहत्येच्या पाट्या वाचतच मोठे झालोय आपण. लेखाचा निवाडा वाचकाच्या मनात आधीच होऊन बसेल.

— हं, हे ध्यानात नव्हतं आलं. मग 'एम्ब्रियो' लिहा. दवाखान्यात डॉक्टर आणि पेशंट दोघंही तेच म्हणतात.