साग परत आला, आमरी का येत नाही?

बोराडीकर:
नमस्कार मंडळी. शिरपूर तालुक्यात बोराडीच्या वर आमच्या मागचं जंगल मी शाळेत असताना तोडलं गेलं. आता खुंटांना फुटवे येऊन साग घराच्या दुप्पट उंच झालाय. लांबून डोंगर भरल्यासारखा दिसतो. पण आमरी, म्हणजे ऑर्किड, नाही. मे महिन्यात चार दिवस मान वर करून फिरलो. साग, सालई, धावडा, सगळं पाहिलं. वांडा, म्हणजे झाडाच्या सालीवर वाढणारी आमरी, दिसला तो फक्त तीन झाडांवर. दोन म्हातारे मोह आणि बांधावरचा एक आंबा, फुलाफळासाठी राखलेले.

आंब्याच्या बेचक्यातला हाताशी होता. पिवळट हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी जाळी, ओठ जांभळा निळा. मुळं पेन्सिलीएवढी, चुन्यासारखी पांढरी. बाटलीतलं पाणी शिंपडलं तर डोळ्यांदेखत हिरवी झाली! तिथून हलवेना. थोडे तुकडे काढून सागाला बांधले तर जगतील का?

धडगावचा मास्तर:
भाऊ, तेवढं करू नका. तीन झाडांवर उरलंय, त्यातलंच कमी होईल. शिवाय वनहद्दीतून विनापरवाना रोप काढणं गुन्हा आहे.

बी तर वाऱ्यावर सगळीकडे जात असणार. एका शेंगेत हजारोंनी असतं, धुळीसारखं. पण त्या बियात अन्नाचा साठाच नसतो. नेमकी बुरशी भेटून तिनं पोसलं तरच ते रुजतं. त्यासाठी जुनी, खडबडीत, ओल धरणारी साल हवी. कोवळ्या सागाची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते, अन् उन्हाळ्यात पानं झडली की सगळं ऊन खोडावर. इवलंसं रोप तिथं सुकून जातं. फुटव्यांचं जंगल वीस-पंचवीस वर्षांत उभं राहतं, मोहाला तशी साल यायला त्याहून पुष्कळ काळ लागतो. माझं ठाम मत आहे, विरळणी करताना वाकडी, पोकळ, जुनी झाडं आधी वाचवावीत.

शहाद्याची ताई:
दादा, आता जुलैत मान खाली घालून फिरा. हबेनारिया ही जमिनीवर वाढणारी आमरी, तिचे कंद जमिनीत असतात, वरचं जंगल गेलं तरी ते तग धरू शकतात. गवतात पांढरी फुलं दिसतील. घाणेरी माजली असेल तिथं मात्र फार आशा नको.

आणि आंब्यावरच्या वांड्याला जपा. आमच्याकडे सासऱ्यांनी बांडगूळ समजून अख्खा गड्डा ओढून काढला होता. बांडगूळ झाडाचा रस पितं, हा नुसता सालीला धरून बसतो. मी उशिरा पोचले, फार हळहळले.

बोराडीकर:
ताई, तुमचं वाचून तसाच बांधावर गेलो. आंब्याचे मालक काका पावसाआधी कोयता मारणारच होते, राहून गेलं म्हणाले. ‘हाई बांडगूळ नही शे’ म्हणत त्यांना जवळ नेऊन मुळं दाखवली. दोन शेंगा धरल्यात, बोटाएवढ्या. फुटेपर्यंत हात लावत नाही म्हणाले. तुकडे काढत नाही, मास्तर. पुढच्या रविवारी गवतात शोधतो.