मदत हवी आहे: मध्य-डाव्या पक्षांच्या गटांची तुलना कशी मांडू?

तापीकाठ
एम.ए. राज्यशास्त्र. सरांनी विषय दिलाय: मध्य-डाव्या पक्षांची विचारसरणी आणि त्यांच्यातले गट, देशवार तुलना. नेटवर शोधलं तर सगळे निवडणुकांचे निकालच. शुक्रवारी सादर करायचंय. कुणाकडे तयार मुद्दे असतील तर टाका, लवकर.

पांझरा
कोणते देश? किती मिनिटं? काहीच लिहिलं नाही.

तापीकाठ
देश नेहमीचेच हो. इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया. पंधरा मिनिटं.

जामनेरी मास्तर
देशवार जाऊच नको, एक प्रश्न धर: मालकी कुणाची? ब्रिटनच्या लेबर पक्षाच्या घटनेत १९१८ पासून चौथं कलम होतं, उत्पादनाची साधनं सामाईक मालकीची. ब्लेअरनी ते १९९५ ला बदलून घेतलं, डावे ओरडत राहिले. जर्मनीच्या एसपीडीने (तिथला सोशल डेमोक्रॅट पक्ष) हेच काम १९५९ लाच गोडेसबर्गच्या अधिवेशनात उरकलं. भांडण एकच, पण ३६ वर्षांचा फरक. तो का पडला, एवढंच सांगितलंस तरी दहा मिनिटं गेली.

रावेरची केळी
मास्तर, त्याने गट विचारलेत, तुम्ही कलमं सांगताय. गट बघायचे तर ऑस्ट्रेलिया. तिथल्या लेबरमध्ये लेफ्ट आणि राइट उघड आहेत, मंत्रिपदं वाटतानाही गटाचा वाटा मोजतात. अल्बनीज लेफ्टचे, २०२२ ला पंतप्रधान झाले, तरी राइटला धरूनच चालावं लागतं. आपल्याकडे गट सगळ्यांचे, पण विचारलं की 'आम्ही साहेबांचे'!

जामनेरी मास्तर
उघड गट जर्मनीतही आहेत. एसपीडीच्या खासदारांत झेहाइमर क्राइस उजवीकडचा, पार्लमेंटरी लेफ्ट डावीकडचा. डावीकडचे नेते लाफॉन्टेन १९९९ ला अर्थमंत्रिपद आणि पक्षाध्यक्षपद एकदमच सोडून घरी बसले. मग २००३ ला एसपीडीचेच चान्सेलर श्रोडर यांनी अजेंडा २०१० हा सुधारणांचा कार्यक्रम आणला, बेकारांच्या भत्त्याला कात्री लावली. चिडून बाहेर पडलेले आणि पूर्व जर्मनीतल्या जुन्या सत्ताधारी कम्युनिस्टांचा वारस पक्ष पीडीएस, त्यातले लोक २००७ ला एक झाले, तो लिंके पक्ष. लाफॉन्टेन तिथंही पुढेच. गट पक्षात मावेनासा झाला की काय होतं, ते इथं दिसतं.

फैजपूरचे नाना
एवढं लांब कशाला जातो भाऊ? १९३६ चं काँग्रेस अधिवेशन आमच्या फैजपूरला झालं, खेड्यातलं पहिलं. नेहरू अध्यक्ष, शेतकऱ्यांचा कार्यक्रम इथंच मंजूर. काँग्रेसच्या पोटातला समाजवादी गट १९३४ चा, १९४८ ला वेगळा झाला. हाच खरा नमुना.

रावेरची केळी
नाना, १९९१ नंतरच्या काँग्रेसला मध्य-डावी म्हणायचं का, ते आधी सांगा.

फैजपूरचे नाना
मी १९३६ चं बोलतोय, तू १९९१ चं.

पांझरा
नमुना पाहिजे तर धुळ्याचे कॉ. शरद पाटील. माकप सोडून १९७८ ला सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, मार्क्सच्या जोडीला फुले-आंबेडकर. वर्ग आणि जात एकत्र धरा म्हणत होते.

जामनेरी मास्तर
मोठा माणूस, वादच नाही. पण तो मध्य-डावा नव्हे, डावा. पोराला परीक्षेत खड्ड्यात घालाल.

तापीकाठ
अहो, शुक्रवार आहे! पंधरा मिनिटांत दोनच देश घेऊ का?

जामनेरी मास्तर
दोनच. ऑस्ट्रेलिया गाळ.

रावेरची केळी
गाळायचा तर जर्मनी गाळ. झेहाइमर क्राइस सरांसमोर नीट म्हणता येणारे का तुला?