मदत हवी आहे: पहिली-दुसरी एकत्र वर्ग, चार दिवसांत घसा बसला

नमस्कार मंडळी. यंदा बदली होऊन सातपुड्यातल्या एका जि.प. शाळेवर आलेय, द्विशिक्षकी, पहिली-दुसरी माझ्याकडे, पट २७. आधीची सगळी वर्षं सहावी-सातवीला शिकवलंय, त्यामुळे एवढी चिमुकली पोरं म्हणजे मीच नवी विद्यार्थिनी. प्रवेशोत्सव झोकात झाला, फुगे, गुलाब, नवी पुस्तकं, आणि दुसऱ्या दिवसापासून नुसता बाजार.

रात्री जागून कार्डशीटवर नियमांचा तक्ता केला, रांगेत चला, हात वर करून बोला वगैरे, भिंतीवर लावला आणि मग डोक्यात प्रकाश पडला की पहिलीला वाचता कुठे येतंय! हसा खुशाल.

सगळ्यात वाईट वेळ खिचडीची. नळ एकच, सगळी एकदम तुटून पडतात, ताटल्यांचा खणखणाट, आणि एक बारकी पोरगी रोज मागे उभी राहते, ढकलाढकली नको म्हणून हात न धुताच येऊन बसते. मी ओरडते, ती अजूनच आक्रसते. दुसरा एक जण, घरी फक्त पावरी बोलतात, आजी दारात बसली तरच वर्गात थांबतो. आजीला बसू द्यावं की नको? सर म्हणतात सवय लागेल, पाठवून द्या. मला पटत नाहीये.

---

ताई, आजीला खुशाल बसू द्या, रोज थोडं लांब सरकवा, आधी दार, मग व्हरांडा, मग झाडाखाली. पावरी येणारं दुसरीतलं एखादं पोर त्याच्या शेजारी बसवा. पुस्तकं पंधरा दिवस बाजूला. पाच गट करा, आंबा-पेरू काहीही नावं द्या, नळावर रोज वेगळा गट पहिला आणि मग्याने पाणी घालायचं काम त्या मागे राहणाऱ्या पोरीला. तक्ता काढून टाका, त्याजागी पोरांचेच रांगेतले फोटो लावा. आणि कोपऱ्यात उभं करणं वगैरे चुकूनही नको, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासही बंद आहे.

---

दादा, आभार. आज मग्गा दिला तिच्या हातात. एका मोठ्या पोराला म्हणाली, "मागे हो, पेरू आधी." पहिल्यांदाच आवाज ऐकला तिचा! आजी अजून दारातच आहे, उद्या व्हरांड्यात सतरंजी टाकते. आता एकच, पहिलीला अक्षरं गिरवायला बसवलं की दुसरी मोकळी सुटते, तेवढा वेळ तिला काय देता तुम्ही?