मदत हवी आहे : पीजेच्या भरावाखालची मोरी तुंबलीय
पाचोरा-जामनेर (पीजे) नॅरोगेज रेल्वे २०२० पासून बंद. शेंदुर्णी-पहूर पट्ट्यात रुळाच्या भरावाखालची एक मोरी (पाणी पलीकडे जायची वाट) गाळाने आणि बाभळीच्या मुळ्यांनी पार बुजलीय. जोराचा पाऊस झाला की वरच्या अंगाला पाणी तुंबतं, काळ्या जमिनीत मुळांना हवा मिळत नाही आणि कपाशी उभ्या उभ्या माना टाकते.

चर काढून पाणी उतरवलं आणि लगेच १० लिटर पाण्याला २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश, २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड अशी आळवणी केली (द्रावण झाडाच्या मुळाशी ओतलं) तर बरीच झाडं सावरतात. पण मूळ दुखणं मोरीचंच. जागा रेल्वेची, विनापरवानगी जेसीबी घालता येत नाही.

मोरी उपसायला अर्ज नेमका कुणाकडे करायचा? सोबत सातबारा, गटाचा नकाशा जोडावा लागतो का? कुणी हे काम करून घेतलं असेल तर कृपया लवकर सांगा, मृग तोंडावर आलाय.