ब्रश दिसला की पोराची दातखिळी बसते

भुसावळवाला बाबा

नमस्कार मंडळी. मी मालगाडीवर सहायक लोको पायलट आहे, राहायला भुसावळ. बायको नर्स, तिचीही शिफ्ट ड्युटी. घरात आई, बाबा आणि आमचं रत्न, वय २ वर्षं ४ महिने.

प्रश्न दात घासण्याचा आहे. हसू नका. ब्रश दिसला की आधी दातखिळी, मग मान डावीकडे, मग उजवीकडे, आणि मी ओठ उघडायला गेलो की मोरीतून ओल्या पायांनी धूम. मागच्या आठवड्यात बोटाला चावला, नखाखाली अजून काळं आहे.

माझ्या ड्युटीला घड्याळ नाही. कधी पहाटे ३ ला बोलावणं, कधी रात्री ११ ला घरी. त्यामुळे ज्याच्या हाती पोरगा लागेल तो दात घासतो. बायको गाणं म्हणते, आई मोबाइल लावून देते, बाबा म्हणतात, "राहू दे रे, दुधाचे दात आहेत, पडायचेच ना शेवटी." मी घरी असलो की हात धरून घासतो. खरं सांगतो, दोन दिवस तसं केलं. तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्या हातचा पाण्याचा पेलासुद्धा घेतला नाही. आईकडे गेला, तिच्या हातून प्यायला. तेव्हापासून मी ब्रश हातात घेतलेला नाही.

पेस्ट तीन प्रकारच्या आणून झाल्या. स्ट्रॉबेरीवाली तो खातो, बाकीच्या दोन थुंकतो.

रात्री झोपताना बाटलीतून दूध लागतं, साखर घातलेलं. हे मुद्दाम सांगतो, कारण वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढरी रेघ दिसू लागली आहे. पेस्ट राहिली असेल म्हणून फडक्यानं पुसली. जात नाही.

अजून एक. आई सकाळी ओट्यावर बसून तंबाखूची मशेरी लावते. हा शेजारी मांडी घालून बसतो आणि आपलं रिकामं बोट दातांवरून फिरवतो, अगदी तिच्यासारखं, शेवटी पिचकारीसुद्धा. म्हणजे दात घासायला त्याची हरकत नाही. आमच्याकडून घासून घ्यायला आहे. आईला कसं सांगू, तेही सुचवा.

दोन पोरींची आई, फैजपूर

भाऊ, पहिलं म्हणजे त्याला मोरीत नेणं बंद करा. आमच्या धाकटीला मोरीचं दार दिसलं तरी रडू यायचं, कारण तिथेच डोक्यावरून पाणी, तिथेच डोळ्यात साबण. मी अंगणात खाटेवर बसवायला लागले. पाव पेला पाणी, एक वाटी, झालं काम. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे तशीही सवय आहे.

दुसरं, दोन ब्रश घ्या. एक त्याच्या हातात, एक तुमच्या. तो तुमचे दात घासणार, तुम्ही त्याचे. माझे दात धाकटीनं महिनाभर घासले, माझ्या नाकातही ब्रश गेला, पण तोंड उघडायला लागली.

मोबाइलचं मात्र नका करू. मोबाइल संपला की रडणं, ब्रश संपला की रडणं, एकाच्या जागी दोन भानगडी.

निंबाची काडी, शहादा

आमच्या वेळी कुठे होते ब्रश न् पेस्ट? निंबाची नाहीतर बाभळीची काडी, नाहीतर चुलीतली राख. माझं वय ७१, अजून कळण्याची भाकरी अन् ठेचा स्वतःच्या दातांनी खातो. पोराला काडी द्या चावायला. हे सगळे कंपन्यांचे चोचले आहेत.

दोन पोरींची आई, फैजपूर

काका, दोन वर्षांच्या पोराच्या हातात टोकदार काडी? आमचा तर दरवाज्यापर्यंत जाईस्तोवर दोनदा पडतो. (आमची. पोरगी आहे. घाईत लिहिलं.)

नातवंडांची आजी, अमळनेर

मी नातवाचे दात घासत नाही, त्याच्या तोंडात जेवण शोधते. मांडीवर घ्यायचं अन् म्हणायचं, "दखाड रे भो, तुना दातमा काय शे? माय वं! आठे वांगं शे, तठे भाकर शे, अन् मागे कोण बठेल शे?" मागे काय बसलं आहे ते त्यालाच हवं असतं. तो आ करतो. जे जेवला असेल तेच नाव घ्यायचं, खोटं चालत नाही. एकदा मी शेवभाजी म्हटलं, तर म्हणे, "नही, वरण!" अन् तोंड मिटून बसला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक आली होती, तिचा मुलगा पाच वर्षांचा. तो आरशासमोर ब्रश करायचा, त्याच्या बाजूला हा उभा. आठ दिवसांत जे झालं ते माझ्यानं दोन महिन्यांत झालं नव्हतं. तुमच्याकडे कोणाचं थोडं मोठं पोर येत असेल तर बघा.

मशेरीचं मी बोलते, कारण मी स्वतः पंचवीस वर्षं लावली. सुनेनं सांगितलं असतं तर मला राग आला असता. नातवानं डबी उघडून चिमूट तोंडात घातली, पोराला उलटी झाली, त्या दिवशी माझी मीच बंद केली. तुमच्या आईवर ती वेळ येऊ नये. डबी वरच्या फळीवर ठेवा म्हणावं, एवढं तरी.

दाढेचा डॉक्टर, धुळे

मी दातांचा डॉक्टर आहे, लहान मुलं रोज बघतो. थोडं लांब लिहितो.

आधी पांढरी रेघ. बघितल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मला ती कीड लागण्याची सुरुवात वाटते. बाटलीनं दूध पिणाऱ्या पोरांत ती वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगतच सुरू होते. पांढरी आहे तोवर तिला थांबवता येतं. पुढे ती पिवळी-तपकिरी होते, मग खड्डा. म्हणून या आठवड्यातच जवळच्या दंतवैद्याला दाखवा. फ्लोराइडचं वार्निश लावतील, दोन मिनिटांचं काम, सुई नाही, मशीन नाही. खरं तर पहिला वाढदिवस व्हायच्या आत एकदा दाखवायला हवं असतं, पण आमच्याकडे पोर येतं ते गाल सुजल्यावर.

दूध द्या, साखर काढा. आणि दूध आधी, ब्रश नंतर, ब्रशनंतर फक्त पाणी. रात्री झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे दातांवर राहिलेला गोडवा रात्रभर तिथेच काम करत बसतो. साखर एका दिवसात तोडू नका, रोज थोडी कमी करा, त्याला कळणार नाही.

बाबांना सांगा, दुधाचे दात २०. पुढचे सहा-सात वर्षांचा असताना पडतील, पण मागच्या दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या किडल्या तर तोवर दुखणं, रात्रीची जागरणं, शाळा बुडणं. आणि त्या लवकर काढाव्या लागल्या तर खालून येणाऱ्या दातांची जागा जाते.

आता तो का पळतो. दोन कारणं सुचतात, ती घरच्यांना सहसा माहीत नसतात. एक, याच वयात मागच्या दुसऱ्या दाढा येतात, साधारण दोन ते पावणेतीन वर्षांत. हिरडी ठणकते. स्वच्छ बोट मागे फिरवून पाहा, फुगलेली लागली तर तो भाग काही दिवस फक्त ओल्या मऊ फडक्यानं पुसा. दुसरं, वरचा ओठ उचला, मधोमध हिरडीला जोडलेला एक पातळ पडदा दिसेल. ब्रश त्याला लागला की कळ येते. बहुतेक घरांत पहिला वार तिथेच होतो आणि पोर त्या दिवसापासून ब्रशला वैरी मानतं. तुमचं बोट त्या पडद्यावर आडवं ठेवा आणि ब्रश बोटाच्या खालून चालवा.

समोर उभं राहून घासू नका. तुम्हाला काही दिसत नाही आणि त्याला तुमचा हात अंगावर आल्यासारखा वाटतो. जमिनीवर बसा, त्याचं डोकं तुमच्या मांडीवर, तोंड वर, तुम्ही डोक्याच्या बाजूनं. दोघं असाल तर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसा, पाय एकाच्या कुशीत, डोकं दुसऱ्याच्या मांडीवर. आम्ही दवाखान्यातही असंच तपासतो.

पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, ३ वर्षं पूर्ण होईपर्यंत. त्यानंतर वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी दाखवतात ती विसरा. पाकिटावर फ्लोराइड किती ते वाचा, १००० पीपीएमच्या आसपास हवं. मुलांच्या बऱ्याच गोड वासाच्या पेस्टमध्ये ते कमी असतं नाहीतर नसतंच. दाण्याएवढी गिळली तर घाबरू नका. चूळ भरायला लावायची गरज नाही, थुंकलं तर थुंकलं, फेस उरला तर पुसा. आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावांना हे ऐकून बरं वाटेल.

मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. आजीबाईंनी वर लिहिलं त्यापेक्षा नीट मला सांगता येणार नाही.

शहाद्याच्या काकांना नमस्कार. काडी वाईट नाही, तुमच्या हातात. पण तुमच्या लहानपणी सकाळच्या चहाबरोबर क्रीमचं बिस्कीट आणि झोपताना साखरेची बाटली नव्हती, हेही धरा.

भुसावळवाला बाबा

डॉक्टर साहेब, खूप आभार. पण धरून घासायचं की नाही? तेच माझ्या मनात बसलंय.

दाढेचा डॉक्टर, धुळे

कधीच धरू नका, असं मी सांगणार नाही. पांढरी रेघ आहे, रात्रीचा एक ब्रश तरी व्हायलाच हवा. रडला तर रडला, तोंड उघडंच असतं तेव्हा. पण हात दाबून ठेवणं वेगळं आणि डोकं मांडीवर स्थिर ठेवणं वेगळं. सकाळचा ब्रश त्याचा त्याला करू द्या, कसाही. रात्रीचा तुमचा. सगळ्यांनी एकाच पद्धतीनं, एकाच जागी. आणि हे संपणार कधी ते त्याला कळू द्या. इंजेक्शनपेक्षा पोरं त्याचीच जास्त धास्ती घेतात, शेवट कुठे आहे ते माहीत नसण्याची.

निंबाची काडी, शहादा

डॉक्टर, बिस्किटाचं पटलं. आमची सून देते रोज दोन. सांगतो.

भुसावळवाला बाबा (तीन आठवड्यांनी)

मंडळी, हालहवाल कळवतो.

दंतवैद्याला दाखवलं. कीडच सुरू झाली होती, खड्डा नव्हता. वार्निश लावलं, तीन महिन्यांनी परत बोलावलंय. आणि मागे उजवीकडे खाली दाढ येत होती, हिरडी लालबुंद. आम्ही तिथेच ब्रश घासत होतो.

"शेवट कळू द्या" हे डॉक्टरांचं वाक्य मी ड्युटीवर घेऊन गेलो. आमच्या कामात एक रीत आहे. पुढचा सिग्नल दिसला की मी आणि लोको पायलट साहेब दोघांनी तो हात दाखवून मोठ्यानं पुकारायचा. पोराला इंजिनाचं वेड आहेच. रात्री खाटेवर त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हटलं, मालगाडी निघाली. खाली डावीकडे भुसावळ, खाली उजवीकडे जळगाव, वर उजवीकडे पाचोरा, वर डावीकडे चाळीसगाव. चाळीसगाव आलं की उतरायचं. सिग्नल तू पुकार.

"हिरवा!" म्हणायला त्याला तोंड उघडावंच लागतं.

पहिल्या रात्री गाडी जळगावच्या पुढे गेली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. पाचोरा यायला आठवडा गेला. आता बायकोही हीच गाडी चालवते, बाबाही. बाबा पाचोऱ्यानंतर उगाच नगरदेवळ्याला थांबा देतात, त्यावरून आजोबा-नातवाचं भांडण होतं. मी बाहेरगावी रनिंग रूमवर, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या खोलीवर, असलो की व्हिडिओ कॉलवरून सिग्नल देतो. परवा नेटवर्क गेलं तर गाडी अर्धा तास पाचोऱ्यालाच उभी, असं बायको सांगत होती.

दुधातली साखर गेली. बाटली अजून सुटलेली नाही, त्यात दूध ब्रशच्या आधी आणि नंतर पाणी, एवढ्यावर तह झालाय. सकाळी तो स्वतः घासतो, म्हणजे ब्रश चावतो.

आईला मी काही बोलू शकलो नाही. अमळनेरच्या आजींचं लिहिलेलं तेवढं मोबाइलवर वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. आता मशेरी मागच्या दारी लावते, डबी कुठे असते मला माहीत नाही. ओट्यावर पोरगा एकटाच बसतो आणि बोट फिरवतो.

काल रात्री जळगावच्या अलीकडेच त्यानं "लाल!" म्हटलं आणि तोंड मिटलं. लाल म्हणजे उभं राहायचं, हे मीच शिकवलेलं. ब्रश हातात धरून थांबलो. मालगाडीला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभं राहायची सवय असतेच. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "पिवळा." म्हणजे सावकाश.

सावकाश घेतली.