तोंडातल्या लायकेन प्लेनसवर स्टेरॉइड जेल, संशोधन नक्की काय सांगतं?

आईच्या दोन्ही गालांना आतून पांढरी जाळी आणि मधे लालभडक चट्टे आहेत, काहीही गरम घेतलं की डोळ्यात पाणी येतं. बायोप्सीत ओरल लायकेन प्लेनस आलं. डॉक्टरांनी क्लोबेटासोल ०.०५ टक्के जेल दिलंय पण ट्यूबवर लिहिलंय फक्त त्वचेसाठी, त्यात स्टेरॉइड शब्द ऐकून ती हातच लावत नाहीये. कोणी यावरचं संशोधन वाचलंय का? हे खरंच बरं होतं का?

उत्तर १
मला स्वतःला ९ वर्षं आहे हे. खरं सांगायचं तर मुळापासून जात नाही, आपल्याच टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, तोंडाच्या अस्तरावर हल्ला करतात आणि स्टेरॉइड तो हल्ला थंड करतं, बस. पण आग थांबली की माणूस जेवतो हो, ते काय कमी आहे का! ट्यूबवरच्या ओळीचं म्हणाल तर ही औषधं मूळ त्वचेसाठी बनलेली, तोंडासाठी डॉक्टर विचार करूनच देतात, तरी आईंच्या समाधानासाठी त्यांनाच एकदा विचारून घ्या.

उत्तर २
२०२० चा कॉक्रेन रिव्ह्यू (आधी झालेल्या संशोधनाचा एकत्रित आढावा) वाचलाय मी, ३५ चाचण्या एकत्र करून बघितल्यात. लावायच्या स्टेरॉइडने दुखणं प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली उपचारापेक्षा) कमी होत असावं असं निघालं, पण पुरावा कच्चा, म्हणजे प्लासिबोशी थेट तुलना करणाऱ्या चाचण्या अगदी मोजक्या आणि त्याही छोट्या. इतकी वर्षं जे औषध पहिलं म्हणून देतात त्यावर एवढं कमी काम झालंय याचं मला फार वाईट वाटलं. टॅक्रोलिमस या स्टेरॉइड नसलेल्या औषधाशी पण तुलना आहे त्यात, पण ठाम काही म्हणता येत नाही. तरी मी आईंच्या जागी असते तर जेल लावलंच असतं, गोळ्यांपेक्षा यात शरीरात जाणारं औषध खूप कमी असतं.

उत्तर १
आणि लावायची पद्धत महत्त्वाची! आधी कापसाने जागा कोरडी करायची, पातळ थर, मग अर्धा तास खाणंपिणं बंद. ओल्यावर लावलं तर सगळं लाळेबरोबर पोटात. बुरशीवर मात्र लक्ष ठेवा, दह्यासारखा पांढरा थर आला आणि पुसल्यावर निघाला तर ती बुरशी, लायकेनची जाळी पुसून जात नाही. क्वचित कॅन्सरकडे जाऊ शकतं म्हणून बरं वाटलं तरी तपासणी सोडू नका.

मूळ प्रश्नकर्ता
खूप आभार दोघांचे. आई कवळी लावते, ती काढूनच जेल लावायचं ना? आणि रात्री लावून झोपलं तर चालेल का?

उत्तर १
हो, काढूनच. रात्री झोपताना तर उत्तम, तेव्हा लाळ कमी असते. किती वेळा ते मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच.